फेमिनिनिटीला मराठीत काय म्हणावं? स्त्रीत्व, बाईपण, की अंग?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळात पुढच्या महिन्यात स्लाईड दाखवून तासभर बोलायचं आहे. विषय आहे आजचं शिल्प आणि त्यातलं बाईचं शरीर. समोर दोन-चार शिक्षिका असतील, एखादी अंगणवाडी ताई असेल, बाकी सगळ्या सकाळी शेतात जाऊन आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. प्रत्येक स्लाईडखाली दोन ओळी मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. इंग्रजी लेखांत दर दुसऱ्या वाक्यात 'फेमिनिनिटी' आणि 'फीमेल बॉडी'. मी 'स्त्रीत्व' आणि 'स्त्रीदेह' लिहून पाहिलं. चूक काही नाही, पण ते शब्द त्या कामांवर बसत नाहीत.

सुरुवात शिल्पकार मृणालिनी मुखर्जींपासून करायची आहे. जन्म १९४९ चा, मुंबईचा. शिक्षण बडोद्याला, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. दगड-माती बाजूला ठेवून या बाईंनी तागाची दोरी हातात घेतली. दोरी रंगवायची आणि गाठीवर गाठ मारत माणसापेक्षा मोठी आकृती उभी करायची. आधी कागदावर रेखाटन नाही, गाठी वाढतील तशी आकृती वाढायची. 'देवी' १९८२ ची, 'यक्षी' १९८४ ची, 'वनश्री' १९९४ ची. घड्या, ओठ, पाकळ्या, पोकळ्या. बाई आहे हे लगेच कळतं, पण हे नाक, ही कंबर असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

'यक्षी'चा फोटो मोबाईलवर मोठा करून आमच्या आत्याबाईंना दाखवला. वय सत्तरीपुढचं. तरुणपणी अंबाडीचा वाख काढून मांडीवर दोर वळायच्या, घरच्या बाजा विणायच्या. त्यांनी आधी फोटो सरकवून सरकवून नुसत्या गाठी पाहिल्या. "पीळ चांगला शे," म्हणाल्या. मग पूर्ण आकृती पाहिली, मोबाईल जरा लांब धरला आणि म्हणाल्या, "हाई ते आंगमा येल बाई शे."

अंगात आलेली बाई. मुखर्जींवर मी जे वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नव्हतं. अंगात येतं तेव्हा हात, पाय, तोंड वेगवेगळे उरत नाहीत. केस सुटतात, पदराचं भान जातं, सगळी बाई एकाच लाटेत हलते. 'यक्षी' तशीच उभी आहे. तेव्हापासून मनात घोळतंय की देह, शरीर, काया, तनू असे सगळे शब्द आपण धुंडाळतो आणि रोज तोंडात असलेलं 'अंग' विसरतो. जाणकारांनी सांगावं: स्त्रीत्व, बाईपण, नारीत्व यांत फरक काय? आणि 'बॉडी'साठी 'अंग' चालेल का?

पांझरा

ताई, तुमचा अर्धा प्रश्न प्रत्ययात आहे. '-त्व' लागलं की शब्द गाभ्याकडे जातो: देवत्व, पशुत्व, स्त्रीत्व. '-पण' लागलं की तो काळात उतरतो: लहानपण, आजारपण, माहेरपण, बाळंतपण, म्हातारपण. यातलं प्रत्येक 'पण' सुरू होतं, संपतं आणि कुणाला तरी निभवावं लागतं. आजारपण काढतात, बाळंतपण करतात, लेकीचं माहेरपण करतात. स्त्रीत्व कुणी 'करत' नाही. ते जपायचं, सिद्ध करायचं किंवा गमवायचं असतं. एकदा ते गाभा ठरलं की कोणीही येऊन तपासायला मोकळा होतो, हिच्यात ते पुरेसं आहे का म्हणून.

'स्त्रैण' कृपा करून टाळा. संस्कृतात त्याचा अर्थ साधा आहे, स्त्रीसंबंधी. मराठीत तो पुरुषाला हिणवायला वापरतात. 'बायकी'चं तेच झालं. 'पुरुषी' बाईला लावला तरी त्यात थोडा दरारा उरतो, 'बायकी' पुरुषाला लावला की नुसती हेटाळणी. 'नारी' भाषणातली, तिला घरात कोणी हाक मारत नाही. तुमच्या कामासाठी माझं मत 'बाईपण'.

तितूर

चाळीसगावहून लिहितोय. आत्याबाईंनी 'यक्षी'ला अंगात आलेली म्हटलं, हे वाचून थबकलो, कारण शब्दाचा प्रवासही तिकडेच गेला आहे. यक्षिणीचं प्राकृतात जक्खिणी झालं आणि मराठीत जखीण. जुन्या शिल्पात यक्षी म्हणजे झाडाची, पाण्याची, भरभराटीची देवता. भरलेलं शरीर, रुंद कंबर, हातात फांदी नाहीतर चवरी. तीच मराठीत येईपर्यंत बाईचं भूत झाली. 'जखीण लागली' म्हणतो तेव्हा आपण नकळत एका जुन्या देवीचं नाव घेत असतो.

यक्ष मात्र आमच्या शेजारी बरा राहिला. घाट चढून गेलं की पितळखोऱ्याची लेणी. तिथला डोक्यावर वाडगं घेतलेला ढेरपोट्या यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख आहे की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव टिकलं, असं भाग्य फार थोड्या मूर्तींना. ताई, जखीण या शब्दाची गोष्ट तुमच्या बायकांना जरूर सांगा. मुखर्जींनी नाव 'यक्षी' ठेवलं आणि पाहणाऱ्याला थोडी भीतीही वाटते. म्हणजे त्या आकृतीत देवी आणि जखीण दोघी आहेत.

अनेर

मला 'अंग' पटत नाही. घरात, आजारात ठीक आहे. फलकावर, पडद्यावर मोठ्या अक्षरात 'बाईचं अंग' वाचताना तुमच्याच समोरच्या बायका मान खाली घालतील. 'अंगप्रदर्शन' हा शब्द कुठे वापरतात ते आठवा. 'देह' शब्दाला आपल्याकडे वारकऱ्यांपासूनचं वजन आहे. कलेवर बोलताना तेवढं अंतर हवंच.

सुकीकाठ

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, रावेर-यावल भागात बरीच वर्षं काढली. अनेर दादांना एक सांगते. बायका मान खाली घालतात हे खरं, पण 'अंग' या शब्दाला नाही. तो शब्द त्यांचाच आहे, दुखणं सांगायला त्यांच्याकडे तोच असतो. "ताई, अंगावरून जातंय." "अंगावर पांढरं जातं." "पाटी उचलली की अंग बाहेर येतं." हे शेवटचं नवीन डॉक्टरांना समजत नसे. अंग बाहेर येतं म्हणजे काय, कुठलं अंग? गर्भाशय खाली सरकतं, त्याला बाया अंग बाहेर येणं म्हणतात. पिशवी हा शब्द आमच्याकडून त्यांच्याकडे गेला. त्यांचा मूळ शब्द अंगच. बाईच्या तोंडी अंग म्हणजे सगळं शरीर, आणि अंग म्हणजे गर्भाशयही.

दुखणं 'अंगावर काढणं' हेही आपल्याकडे बाईच्याच वाट्याला जास्त. तपासायला बसल्या की त्या 'अंग चोरून' बसायच्या. टेबलावर निजल्या तरी निम्म्या जागेत. माझ्या डोळ्यासमोर अजून ते चोरलेलं अंग येतं. ज्या शिल्पकार बाया असल्या गोष्टी करतात त्यांच्याबद्दल बोलताना 'देह' म्हणाल तर आमच्या बायांना वाटेल कीर्तन आहे, आपल्याबद्दल काही नाही.

गिरणाकाठ

सुकीकाठ ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतला. मला हेच म्हणायचं होतं, पण तुमच्याइतका पुरावा नव्हता. देह बाहेरून दिसतो, अंग आतून कळतं. अंग दुखतं, मोडून येतं, भरून येतं, जड होतं, कसकसतं. 'देह कसकसतो' असं कोणी म्हणत नाही. अंगावर पाजतात, अंगावरचं मूल असतं, अंगाला तेल लावतात, अंग धरतं, अंग झडतं. गुलाबाईची मातीची मूर्ती आणतो ना, मांडीवर पोर घेतलेली, तिला लहानपणी आम्ही 'अंगावरचं बाळ असलेली' म्हणायचो. म्हणजे खान्देशातल्या पोरींना शिल्पातल्या आईचं वर्णन करायला शब्द आधीपासून आहे.

आता जुनं शिल्प आणि आजचं शिल्प यात मला दिसलेला फरक सांगते. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' १८९६ ची, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना केलेली. मला ती फार आवडते. देवळात निघालेली बाई, साडीच्या चुण्या प्लॅस्टरमध्ये इतक्या हळुवार उतरवल्या आहेत की कापड ओलं वाटतं. तिला 'देह' शब्द शोभतो, कारण कोणीतरी तिच्याकडे आदराने बाहेरून पाहतं आहे. पण शीला गौडांचं काम बघा. कर्नाटकातल्या भद्रावतीच्या, जन्म १९५७. त्यांनी शेण वापरलं, कुंकू वापरलं, केस वापरले. १९९८ च्या एका कामात सुयांत लांबच लांब दोरे ओवले, ते एकत्र करून कुंकवाच्या रंगाने आणि डिंकाने माखले आणि तो लाल दोर भिंतीवरून, जमिनीवरून सोडला. टोकाला सुयांचा झुबका. बाईची आकृती त्यात कुठेच नाही. पण पाहणाऱ्याला आतडं आठवतं, नाळ आठवते.

त्या कामाचं नाव 'अँड टेल हिम ऑफ माय पेन'. मी आधी 'माझी वेदना त्याला सांग' असं लिहिलं होतं. ताईंचा प्रतिसाद वाचून खोडलं आणि 'माझं दुखणं त्याला सांग' केलं. वेदना कोणाचीही असते. दुखणं अंगावर काढलेलं असतं.

त्यांचंच दुसरं काम 'बिहोल्ड', २००९ चं. माणसांच्या केसांचे वळलेले दोर, काही मैल भरतील इतके, आणि त्यांना लटकलेले गाड्यांचे बंपर. दक्षिणेत दृष्ट लागू नये म्हणून गाडीच्या बंपरला केसांचा दोर बांधतात, त्यातून हे आलं. यासाठी मराठीत काय लिहावं याचा मला विचारच करावा लागला नाही. गुंतवळ. विंचरून निघालेल्या केसांचा पुंजका. आमच्या आईची गुंतवळ गोठ्याच्या भिंतीच्या फटीत खोचलेली असायची. केसांवर भांडी देणारी बाई आली की ती सगळी काढून तागडीत पडायची आणि वर्षभराच्या केसांचा एक वाटीभर डबा यायचा. झाकण घट्ट बसायचं नाही, आई त्यात हळद ठेवायची. अंगापासून सुटलेला तो एवढासा भाग कुठे जातो हे मी कधी विचारलं नव्हतं. गौडांचं काम पाहिलं तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

पांझरा

दुखण्यावरून आठवलं. 'कळा' शब्द पाहा. बाळंतिणीला येतात त्या कळा, जुन्या मराठीत चौसष्ट असतात त्याही कळा, आणि तोंडावरची जाते ती कळा. व्युत्पत्ती वेगवेगळ्या असू शकतात, मी एकच आहे असं म्हणत नाही. पण कानाला एकच ऐकू येतं आणि तुमच्या कार्यक्रमात ते कानालाच ऐकू येणार आहे.

वाघूर

मी पुतळे करतो. माती, साचा, फायबर, मागणी असेल तर ब्राँझचं ओतकाम. धंद्यातले दोन-तीन शब्द टाकतो.

पुतळा पुल्लिंगी. चौकात उभा राहतो तो पुतळा. त्याचं स्त्रीलिंग पुतळी, आणि पुतळी म्हणजे सोन्याचं नाणं, गळ्यातल्या माळेत ओवायचं. नाहीतर डोळ्यातली बाहुली. चौकात उभ्या असलेल्या बाईला पुतळी म्हणता येत नाही, तिलाही 'यांचा पुतळा' म्हणावं लागतं. रोज हा शब्द वापरतो, पण हे आज तुमची चर्चा वाचताना ध्यानात आलं.

दुसरा शब्द 'सोज्वळ'. काही वर्षांपूर्वी एका थोर बाईंचा पूर्णाकृती पुतळा करायला घेतला होता. कुठला ते सांगत नाही. माती पूर्ण झाली, समिती बघायला आली. चाळिशीची, शेतात राबलेली, चार बाळंतपणं झालेली बाई मी केली होती. पोट थोडं सुटलेलं, छाती उतरलेली, दंड भरलेले. सगळे गप्प. मग एक जण म्हणाले, "बाई वाटते हो. आई वाटली पाहिजे. जरा सोज्वळ करा." सोज्वळ म्हणजे नेमकं काय करू विचारलं तर कोणाला सांगता येईना. शेवटी ठरलं, पदर जाड करा. मी पदरावर बोटभर माती चढवली, पोट आत घेतलं, दंड खरवडून बारीक केले. खरवडलेली माती पायाशी पडत होती आणि मला वाटत होतं, हिचं आयुष्य खरवडतोय मी. तो पुतळा आज उभा आहे. त्या रस्त्याने जाताना मी मान वर करत नाही. पांझरा भाऊ म्हणतात ते तपासायचं स्त्रीत्व हेच. धंद्यात त्याचं नाव सोज्वळ.

म्हणून शिल्पकार भारती खेर यांच्या 'सिक्स वुमन'बद्दल ताईंनी जरूर बोलावं. २०१३ ते २०१५ मधलं काम. कोलकात्यात देहविक्रय करणाऱ्या सहा बायकांना मोबदला देऊन त्यांनी बसवलं आणि त्यांच्या अंगावरूनच साचे घेतले. नुसत्या बसलेल्या बाया, प्लॅस्टरच्या, हात मांडीवर. अंगावरून साचा घेताना काय होतं ते मला ठाऊक आहे. आधी कातडीला तेल नाहीतर व्हॅसलीन. मग ओलं, गार प्लॅस्टर. ते धरायला लागलं की तापतं, चांगलं ऊन लागतं. तोवर हलायचं नाही. श्वासही बेताचा. साचा निघाला की त्यात कातडीची रेघन् रेघ उतरलेली असते. तिथे सोज्वळ करायला जागाच नाही. पोटाच्या वळ्या पडल्या तशा पडल्या.

तिथे 'नग्न' लिहाल की 'विवस्त्र'? विवस्त्र म्हटलं की कोणीतरी वस्त्र काढलं असं वाटतं, त्याला बातमीचा वास आहे. नागडं म्हणजे पोर किंवा शिवी. नग्न हा कलाशाळेतला शब्द, चालेल. पण मी लिहिलं असतं 'उघड्या अंगाने बसलेल्या सहा जणी'. आपल्याकडे गडी उघड्या अंगाने ओसरीवर बसतो, कोणी वळून पाहत नाही. तेच शब्द बाईला लावून बघा.

अनेर

वाघूर भाऊंचा प्रतिसाद वाचला. 'अंगप्रदर्शन' हे उदाहरण मी घाईने दिलं होतं. त्या शब्दात आक्षेप प्रदर्शनावर आहे, शिक्षा अंगाला झाली. तरी 'देह' पूर्ण काढू नका. त्या सहा जणींच्या बाबतीत 'देहविक्रय' हा शब्द तुम्हीही वापरलाच. विकला जातो तो देह, मग उघड्या अंगाने बसते ती कोण, हा फरक तिथेच दाखवता येईल. 'बाईमाणूस' हाही शब्द विचारात घ्या. "घरात बाईमाणूस नाही" असं म्हणतो तेव्हा निदान माणूस म्हणतो.

तितूर

आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचं कोणीच कसं काढलं नाही? श्रावणात नारळालाच नथ, डोळे, कुंकू, साडी आणि ती चौरंगावर बसते. खाली शरीर काही नाही, साडीच्या घडीने ते मानायचं. तांदळाही तसाच, न घडवलेला पाषाण, शेंदराने भरत जातो. २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच उतरवलं तेव्हा खालचं घडीव रूप दिसलं आणि घरोघरी बायका मोबाईलवर तो फोटो पाहत होत्या. आमच्या काकू म्हणाल्या, "माय किती वरीस झाकायेल व्हती." ज्यांना झाकलेली आणि उघडलेली देवी दोन्ही माहीत आहेत, त्यांना मुखर्जींची बिनचेहऱ्याची 'देवी' अवघड जाणार नाही.

गिरणाकाठ

मंडळी, कार्यक्रम काल झाला. सगळ्यांचे आभार मानून थोडक्यात सांगते.

मथळा 'बाईपण आणि अंग' असाच ठेवला. 'स्त्रीत्व' फक्त एकदा आलं, वाघूर भाऊंच्या पुतळ्याची गोष्ट सांगताना, गाव-नाव न घेता. ती संपली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "मंग तो पदर आते काढता येस का?" मला उत्तर देता आलं नाही.

भारती खेर यांचंच 'अँसेस्टर' दाखवलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी उभं केलेलं, अठरा फूट उंच ब्राँझ, रंगवलेलं. उभी आई आणि तिच्या शरीरातून ठिकठिकाणी उगवलेली तेवीस मुलांची डोकी. इंग्रजीत त्यावर बरंच लिहिलेलं आहे. मी स्लाईडखाली एकच शब्द टाकला होता: अंगाखांद्यावर. ती स्लाईड समजावून सांगावी लागली नाही. एक बाई शेजारणीला म्हणाली, "इले पाठ टेकाले जागा नही व."

शीला गौडांच्या दोरापाशी सगळ्या शांत झाल्या. 'माझं दुखणं त्याला सांग' हे मी मोठ्याने वाचलं आणि पुढे काही बोलले नाही. 'गुंतवळ' म्हटल्यावर मात्र गलका झाला. कोणाला केसांवर काय मिळालं होतं याच्या आठवणी दहा मिनिटं चालल्या. सुया, बिब्बे, पोत, एकीला परात. मी थांबवलं नाही.

'यक्षी' मी शेवटी ठेवली होती. खाली लिहिलं होतं: यक्षी, १९८४. रंगवलेला ताग, हाताने मारलेल्या गाठी. तितूर भाऊंची जखीण सांगितली, आत्याबाईंचं वाक्य त्यांच्यासमोरच सांगितलं. त्या पहिल्या रांगेत होत्या. लाजल्या नाहीत. मृणालिनीताई २०१५ मध्ये गेल्या, दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन चालू असतानाच, हेही सांगितलं. मग दिवे लागले, चहा आला.

आत्याबाई पडद्याजवळ गेल्या आणि जिथे गाठी दिसत होत्या तिथे हात लावला. पडदा हलला, त्याबरोबर यक्षीही. मला म्हणाल्या, "एवढा दोर वळा, एवढ्या गाठी मारा, इना हातना फोटो नही का?" मी शोधून ठेवला नव्हता. त्यांनी स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "इना बोटसले घट्टा पडेल व्हतीन."